आईचे औषध आणि गर्भातील बाळ

गर्भवती स्त्रीचा आहार, विश्रांती आणि लसीकरण यांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले व सांगितले जाते. तिने घ्यावयाच्या औषधांविषयी मात्र गावोगावी दोन टोकांची मते आढळतात. दुकानात सहज मिळणारी गोळी घेण्यास हरकत कसली, असे काहींना वाटते. पोटात बाळ असताना औषध म्हणून काही घेऊच नये, असे इतर काहींचे म्हणणे असते. पहिल्या मतामुळे अंगदुखीची, मुरुमांची किंवा 'पाळी आणण्याची' गोळी कोणासही न विचारता घेतली जाते. दुसऱ्या मतामुळे अपस्माराची, मधुमेहाची वा क्षयरोगाची चालू असलेली औषधे घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून एका दिवसात बंद होतात. दोन्ही प्रसंगी हेतू चांगला असतो, आणि दोन्ही प्रसंगी आई व बाळ यांना अपाय होऊ शकतो. यास्तव आईने घेतलेले औषध बाळापर्यंत कसे पोहोचते, त्याचा परिणाम कशावर अवलंबून असतो आणि या बाबतीत गावाने कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी या सर्वांना असणे आवश्यक आहे.

वारेतून औषध कसे जाते?

गर्भाचे पोषण वारेमार्फत होते. वारेमध्ये आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंमध्ये पेशींचा पातळ पडदा असतो. प्राणवायू व अन्नद्रव्ये या पडद्यातून बाळाकडे जातात आणि बाळाच्या शरीरातील त्याज्य द्रव्ये आईकडे येतात. वार ही सर्व अपायकारक द्रव्यांना अडविणारी भिंत आहे, असा समज पूर्वी वैद्यकशास्त्रातही रूढ होता. तो चुकीचा ठरला आहे. ज्या औषधांचे रेणू लहान असतात आणि जी स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, ती या पडद्यातून पार होतात. नेहमीच्या वापरातील बहुतेक गोळ्या या प्रकारात मोडतात.

सर्वच औषधे मात्र पार जात नाहीत. इन्शुलिनचा रेणू मोठा असल्याने ते बाळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. रक्त गोठू नये म्हणून देण्यात येणारे हेपॅरिनही वारेपाशीच थांबते; त्याच कामाची वॉरफॅरिन ही गोळी मात्र पार जाते आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हाडांच्या व नाकाच्या घडणीत दोष निर्माण करू शकते. एकाच आजारावरील दोन औषधांत एवढा फरक असू शकतो. म्हणूनच गर्भधारणा झाल्यावर डॉक्टर पुष्कळदा उपचार बंद न करता औषध बदलतात.

बाळाच्या शरीरात पोहोचलेले औषध लवकर बाहेर पडत नाही. प्रौढ माणसाचे यकृत औषधाचे विघटन करते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. गर्भातील बाळाचे यकृत व मूत्रपिंडे अपरिपक्व असतात. शिवाय बाळाने लघवीवाटे टाकलेले द्रव्य त्याच्या भोवतीच्या गर्भजलात उतरते आणि तेच पाणी ते पुन्हा गिळते. प्रसूतीच्या सुमारास आईला गुंगीचे औषध जास्त प्रमाणात दिले गेल्यास जन्मलेले बाळ सुस्त राहते व त्याचा श्वास मंद पडतो, याचे कारण हेच होय.

आईच्या शरीरातील बदल

गरोदरपणात आईचे शरीरही औषधाशी पूर्वीप्रमाणे वागत नाही. रक्तातील द्रवाचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम सुमारे दीडपट होते आणि यकृतातील काही क्रिया वेगवान होतात. परिणामी नेहमीची मात्रा काही औषधांच्या बाबतीत अपुरी पडू लागते. थायरॉईडची कमतरता असलेल्या स्त्रीला थायरॉक्सिनची गोळी गरोदरपणात साधारणतः एक चतुर्थांश ते निम्म्याने वाढवावी लागते. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईड द्रवावर अवलंबून असते. अपस्मारावरील लॅमोट्रिजिन या औषधाचे रक्तातील प्रमाणही गरोदरपणात घटते. औषध नियमित घेऊनही अशा स्त्रीला आकडी येऊ शकते. गर्भवती झालेल्या स्त्रीची जुनी चिठ्ठी डॉक्टरांना पुन्हा दाखविणे यामुळेच अगत्याचे ठरते.

थॅलिडोमाइडने शिकविलेला धडा

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. ते अत्यंत निर्धोक असल्याचा प्रचार करण्यात आला आणि चिठ्ठीवाचूनही ते मिळत असे. गर्भवती स्त्रिया सकाळच्या मळमळीवरही ते घेऊ लागल्या. पुढील तीन-चार वर्षांत हातपाय अत्यंत आखूड असलेली वा मुळीच नसलेली बालके मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली. जर्मनीतील डॉ. विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये स्वतंत्रपणे या व्यंगांचा संबंध त्या औषधाशी जोडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ते बाजारातून काढून घेण्यात आले. तोवर जगभरात सुमारे १०,००० बालके बाधित झाली होती.

अमेरिकेत मात्र हे औषध विक्रीस येऊ शकले नाही. तेथील औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा मागितला आणि उत्पादकांचा दबाव येऊनही परवानगी अडवून धरली. एका अधिकाऱ्याने आपले काम काटेकोरपणे केल्याने हजारो कुटुंबे वाचली, ही गोष्ट शासकीय सेवेतील प्रत्येकाने स्मरणात ठेवण्याजोगी आहे. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा गौरव केला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील औषधविषयक कायदा अधिक कडक झाला.

आपल्या देशातही अशा प्रसंगाचा अनुभव आहे. गर्भधारणा झाली आहे की नाही हे पाहण्यासाठी जास्त मात्रेची हार्मोनची औषधे देण्याची प्रथा एके काळी होती. गर्भाला अपाय होण्याच्या शक्यतेमुळे केंद्र सरकारने १९८२ मध्ये त्यांवर बंदी घातली. परंतु न्यायालयीन स्थगितीमुळे ती प्रत्यक्षात येण्यास १९८८ साल उजाडले. काही औषधांचे दुष्परिणाम तर जन्मानंतर कित्येक वर्षांनी दिसतात. गर्भपात टळावा म्हणून परदेशांत दिल्या गेलेल्या डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या हार्मोनमुळे त्या मातांच्या मुलींना तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७१ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले.

कोणत्या आठवड्यात काय घडते?

औषधाचा परिणाम तीन गोष्टींवर ठरतो : औषध कोणते, मात्रा किती आणि गरोदरपणाचा काळ कोणता. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यानुसार पुढील टप्पे ध्यानात घ्यावेत.

पहिला टप्पा चौथ्या आठवड्यापर्यंतचा. या काळात गर्भ म्हणजे पेशींचा लहानसा पुंजका असतो. मोठा अपाय झाल्यास गर्भ टिकत नाही. किरकोळ अपाय झाल्यास उरलेल्या पेशी तो भरून काढतात. व्यंग निर्माण होण्याचा संभव या टप्प्यात कमी असतो.

दुसरा टप्पा पाचव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंतचा. या सहा आठवड्यांत हृदय, मेंदू, डोळे, कान, हातपाय व टाळू यांची मूळ घडण होते. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पाळी चुकल्यावर अवघ्या दोन आठवड्यांत, बंद होते. थॅलिडोमाइडचा अपाय साधारण चौतिसाव्या ते पन्नासाव्या दिवसांच्या दरम्यान होत असे. त्या काळात घेतलेल्या थोड्या गोळ्याही पुरेशा ठरत.

तिसरा टप्पा त्यानंतर प्रसूतीपर्यंतचा. अवयव तयार झालेले असले तरी त्यांची वाढ व कार्य चालू असते. मेंदूची वाढ तर अखेरपर्यंत होत राहते. काही औषधे याच टप्प्यात अधिक अपायकारक ठरतात.

या कालक्रमातून एक महत्त्वाची बाब निष्पन्न होते. गरोदर स्त्रीची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांच्या आत व्हावी, असा आपला आग्रह असतो आणि तो योग्यच आहे. परंतु नोंदणी बाराव्या आठवड्यात झाली, तर अवयवांच्या घडणीचा काळ तोवर उलटून गेलेला असतो. पुष्कळ स्त्रियांना तर सहाव्या आठवड्यापर्यंत आपण गर्भवती आहोत याचीही खात्री नसते. सबब औषधांविषयीची दक्षता गर्भधारणेच्या आधीपासून घेतली गेली पाहिजे. ज्या विवाहित तरुणीला दीर्घकाळ चालणारे औषध सुरू आहे, तिने मूल होऊ देण्याचा विचार करतानाच डॉक्टरांचा सल्ला घेणे, हा यावरील खरा उपाय होय.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या बाबतीतही हेच लागू पडते. पूर्वी मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल झालेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास त्या व्यंगाची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सिद्ध झाले. सर्वसाधारण स्त्रीसाठी दररोज ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरेशी असते; मात्र ती गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत घेतली जावयास हवी.

विशेष सावधगिरीची औषधे

येथे काही प्रमुख औषधांचा उल्लेख करीत आहोत. हा उल्लेख माहितीसाठी आहे. यावरून कोणीही आपण होऊन औषध सुरू वा बंद करू नये.

व्हॅल्प्रोएट : अपस्मार व काही मानसिक आजारांवर हे औषध देतात. गरोदरपणात ते घेतल्यास दर १०० पैकी सुमारे १० बालकांत मोठे शारीरिक व्यंग आढळते आणि ३० ते ४० बालकांच्या बौद्धिक वा वर्तनविषयक विकासात अडचणी येतात. कोणतेही औषध न घेतलेल्या मातांच्या बाळांतही १०० पैकी दोन-तीन बालकांत मोठे व्यंग असते, हे लक्षात घेता हा फरक फार मोठा आहे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत याऐवजी दुसरे औषध देणे शक्य असते.

आयसोट्रेटिनॉइन व मेथोट्रेक्सेट : पहिले औषध तीव्र मुरुमांवर, तर दुसरे सांधेवात व काही त्वचारोगांवर देतात. दोन्ही गर्भाला अत्यंत घातक आहेत.

रक्तदाबावरील काही औषधे : एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या औषधांनी चौथ्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांचे कार्य बिघडते व गर्भजल कमी होते. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन व मिथिलडोपा ही गरोदरपणात वापरली जाणारी औषधे उपलब्ध आहेत.

वेदनाशामके : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात. त्यांमुळे गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळील एक आवश्यक रक्तवाहिनी वेळेआधीच आकुंचन पावण्याचा धोका असतो. ताप वा वेदना असल्यास पॅरासिटामॉल हे प्रथम पसंतीचे औषध मानले जाते. तेही गरजेपुरते व सांगितलेल्या मात्रेतच. अपवाद म्हणजे अल्प मात्रेची ॲस्पिरिन. गरोदरपणातील रक्तदाबाचा धोका टाळण्यासाठी काही स्त्रियांना डॉक्टर ती मुद्दाम देतात. मात्रेनुसार औषधाचे स्वरूप कसे बदलते, याचे हे उदाहरण आहे.

प्रतिजैविके : टेट्रासायक्लिनमुळे बाळाचे दात कायमचे पिवळट-तपकिरी होतात, तर स्ट्रेप्टोमायसिनमुळे त्याच्या श्रवणशक्तीला इजा पोहोचू शकते. ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे मात्र गरोदरपणात दीर्घकाळ वापरात आहेत.

गर्भपाताच्या गोळ्या : या गोळ्या वैद्यकीय देखरेखीवाचून घेतल्यास गर्भपात अपुरा राहून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. गर्भ टिकलाच, तर त्याच्यात व्यंग निर्माण होण्याचा संभव असतो. १९७१ च्या कायद्याने मान्यताप्राप्त केंद्रात सुरक्षित गर्भपाताची सोय उपलब्ध करून दिलेली असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

जी औषधे थांबवू नयेत

उपचार न केलेला आजार हादेखील गर्भाला अपायकारक असतो. आकडी आल्यास आई पडून दुखापत होते आणि बाळाचा प्राणवायू कमी पडतो. अनियंत्रित मधुमेहामुळे व्यंग व मृतजन्म यांचे प्रमाण वाढते. दम्याचा झटका बाळालाही गुदमरवितो. दम्यावरील श्वासावाटे घ्यावयाची औषधे गरोदरपणात चालू ठेवावयाची असतात. क्षयरोगावरील नेहमीची प्रमुख औषधेही गरोदरपणात देता येतात व ती पूर्ण मुदतीपर्यंत घेणे आवश्यक असते.

एचआयव्ही बाधित मातेने उपचार न घेतल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. येथे आईचे औषध हेच बाळाचे संरक्षण होय. त्याचप्रमाणे अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा संभव असल्यास आईला डेक्सामेथासोन वा बीटामेथासोनची इंजेक्शने देतात, ती बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व व्हावीत म्हणून. औषध वारेतून पार जाते, या गोष्टीचाच उपयोग येथे करून घेतला जातो.

हिवतापातही उपचार लांबविणे धोक्याचे असते. मात्र प्रायमाक्विन ही गोळी गर्भवतीला देत नाहीत; म्हणून ताप तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला गरोदरपणाची कल्पना आवर्जून द्यावी.

ग्रामीण भागात दोन प्रसंगी विनाकारण कचरले जाते. कुत्रे चावल्यास गर्भवतीला रेबीजची लस व आवश्यक असल्यास प्रतिद्रव्य द्यावयाचेच असते. विषारी सर्पदंशात प्रतिविषही द्यावयाचेच असते. गरोदरपण हे दोन्हीं बाबतींत उपचार नाकारण्याचे कारण नव्हे. आईचा जीव वाचल्यावाचून बाळ वाचणार नाही.

शासनातर्फे चौथ्या महिन्यापासून दिल्या जाणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या १८० गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या याही पुष्कळदा डब्यात पडून राहतात. लोहाच्या गोळीने बाळ काळे होते, हा समज निराधार आहे. शौचास काळी होणे हा त्या गोळीचा निरुपद्रवी परिणाम होय. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

'मुलगा होण्याचे औषध' आणि झाडपाला

झाडपाल्याचे औषध असल्याने ते निरुपद्रवीच असणार, हे गृहीत धरणे योग्य नाही. काही भस्मांत व चूर्णांत शिसे आढळले आहे आणि शिसे वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचते. नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्यावाचून अशी औषधे घेऊ नयेत. तंबाखूची मिश्री हे दात घासण्याचे साधन समजले जाते. परंतु तिच्यातील निकोटीन बाळापर्यंत जाते व बाळ कमी वजनाचे जन्मास येण्याचा धोका वाढतो.

याहून गंभीर बाब म्हणजे मुलगा व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गुपचूप दिली जाणारी औषधे. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पित्याच्या शुक्राणूनुसार ठरते. नंतर कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशा औषधांच्या काही नमुन्यांत हार्मोनसदृश द्रव्ये सापडली आणि ती घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचे प्रमाण अधिक आढळले. अवयवांच्या घडणीच्या नेमक्या काळात हे द्रव्य पोटात जाते. मुलाच्या हव्यासापोटी आपल्याच बाळाला इजा करण्याचा हा प्रकार गावाने उघडपणे थांबविला पाहिजे.

गावाने काय करावे?

१. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रात सल्ला मिळावा, याकडे आशा स्वयंसेविका व आरोग्यसेविका यांनी लक्ष द्यावे. या स्त्रियांची माहिती गोपनीय राखली जावी.

२. प्रत्येक तपासणीस येताना माता व बाल संरक्षण कार्डाबरोबर घरातील सर्व औषधे, झाडपाल्यासह, पिशवीत घालून आणण्याची सवय लावावी. दर महिन्याच्या ९ तारखेस होणारी तपासणी ही यासाठी उत्तम संधी आहे.

३. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवाचून द्यावयाची नसलेली औषधे देऊ नयेत, आणि स्त्री ग्राहकास 'दिवस गेले आहेत काय?' हा प्रश्न सौजन्याने विचारावा. ग्रामपंचायतीने गावातील विक्रेत्यांची बैठक घेऊन हे समजावून द्यावे.

४. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना वारेचे कार्य शिकविताना हा विषय जोडून घ्यावा. पालकसभांत सासू व पती यांच्यापर्यंत तो पोहोचवावा. औषध बंद करण्याचा निर्णय बहुधा तेच घेतात.

५. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय आल्यास तो डॉक्टरांस कळवावा. राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही तो नोंदविता येतो. थॅलिडोमाइडचा अपाय अशाच नोंदींतून उघडकीस आला.

एखाद्या स्त्रीने गरोदर असल्याचे न कळता औषध घेतले असेल, तर तिला दोष देऊ नये वा घाबरवू नये. बहुसंख्य औषधांनी व्यंग निर्माण होत नाही. औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटच्या पाळीची तारीख घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, की पुढील निर्णय माहितीच्या आधारे होऊ शकतो. कित्येकदा घाबरून निरोगी गर्भाचा गर्भपात करविला जातो, तो अशा वेळी टळतो.

गोळी घेण्यापूर्वी विचारावे आणि गोळी थांबविण्यापूर्वीही विचारावे, एवढे सूत्र प्रत्येक घरात रुजले, तर टाळता येण्याजोगी पुष्कळ व्यंगे व दुःखे टळतील. स्त्रीला हा प्रश्न संकोचावाचून विचारता यावा आणि त्याचे उत्तर तिला तिच्या गावाजवळ मिळावे, ही व्यवस्था उभी करणे हे ग्रामपंचायत, शाळा व आरोग्ययंत्रणा या तिघांचे सामायिक कर्तव्य आहे.